अकाउंट्समधले मशीनवाले आहेरभाऊ

आहेरभाऊ, तुमची खुर्ची अजून तशीच रिकामी आहे, असं लिहिता आलं असतं तर बरं दिसलं असतं. पण ती दुसऱ्याच आठवड्यात परचेसवाल्यांनी पळवली. तिची चाकं नीट फिरायची आणि तुम्ही असतानापासूनच त्यांचा तिच्यावर डोळा होता. मी भांडायला गेले, तर म्हणाले, मॅडम, खुर्ची अकाउंट्सची आहे असा काही कागद आहे का? तुम्ही असता तर कागद दाखवला असतात आणि येताना त्यांचीच एक खुर्ची ढकलत आणली असतीत. मला ते जमलं नाही. आता तुमच्या जागेवर प्लास्टिकची खुर्ची आहे आणि तिच्यावर जुन्या फायली बसतात.

कंपनीच्या गृहपत्रिकेसाठी तुमच्यावर चार ओळी लिहून द्या, असं मला सांगितलं होतं. ‘मनमिळाऊ, हसतमुख’ असं काहीतरी हवं होतं त्यांना. मी नाही म्हटलं. मनमिळाऊ तुम्ही कधी होतात? व्हाउचरवर सही नसली तर मोठ्या साहेबांच्या ड्रायव्हरलासुद्धा दारातून परत पाठवायचात. हसायचात ते फक्त मार्चअखेरचा ताळा जुळला की, तेही एकदाच, आणि लगेच पुढच्या वर्षाची फाईल उघडायचात. म्हणून म्हटलं, गृहपत्रिका राहू दे, तुमच्याशीच बोलते. शिवाय आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. ते असं सोडून जाणं तुमच्या स्वभावात बसत नाही.

मी सातपूरला आपल्या पंप कंपनीत लागले तेव्हा नव्वदीची सुरुवात होती. पंचवटीतून सायकलवर यायचे. आपली टेबलं समोरासमोर. माझ्याकडे पगारपत्रक, तुमच्याकडे सप्लायरची बिलं. खरेदीची ऑर्डर, स्टोअरची पावती आणि बिल, हे तिन्ही जुळल्याशिवाय तुमचा शिक्का उमटायचा नाही. लोखंडाच्या ओतीव कामाचे सप्लायर तुमच्यापुढे असे उभे राहायचे, जशी पोरं गृहपाठ न करता मास्तरांपुढे राहतात. आणि शॉपमधली, म्हणजे मशीनवर काम करणारी मंडळी मात्र आपल्या खोलीला ‘देवघर’ म्हणायची. का, तर इथले लोक नुसते बसलेले असतात आणि काही बनवत नाहीत. मला त्याचं हसू यायचं. तुम्हाला यायचं नाही, आणि ते का, हे कळायला मला वर्ष लागलं.

कळलं ते टेलिफोनमुळे. तुमच्या टेबलावरचा फोन वाजला, तुम्ही उचललात आणि एकदम आवाज बदलून अहिराणीत बोलायला लागलात. मग माउथपीसवर हात ठेवून मला म्हणालात, ‘गायधनीबाई, जरा इंटरकॉमवर असेंब्लीतला गांगुर्डे लावा.’ मी लावला. एका कानाला देवळ्याकडचे तुमचे वडील आणि दुसऱ्या कानाला गांगुर्डे फिटर, असं घेऊन तुम्ही बसलात. वडील म्हणाले, मोटर पाणी उचलत नाही. तुम्ही तेच गांगुर्डेला सांगितलंत. गांगुर्डे म्हणाला, आधी पंपात पाणी भरलं का ते इचारा. तुम्ही रुबाबात विचारलंत, ‘आप्पा, आधी पंपात पाणी भरलं का?’ नेमके त्याच वेळी समोर ऑडिटर बसले होते. अकाउंट्सचा माणूस फोनवरून पंप दुरुस्त करतो हे पाहून त्यांनी तुमच्या फायली न वाचताच मिटल्या.

त्या दिवशी चहाला तुम्ही मला सगळं सांगितलंत, तेही मी खोदून खोदून विचारलं म्हणून. आप्पा कांद्याचे पक्के शेतकरी. तरुणपणी बाजारात मापावरून एका अडत्याच्या मुनीमाशी त्यांची जुंपली होती, आणि तेव्हापासून गादीवर बसून लिहिणारा प्रत्येक माणूस त्यांच्या दृष्टीने चोर. तुम्ही बी.कॉम. झालात हे त्यांना माहीत होतं, पण ते काय असतं हे माहीत नव्हतं. नोकरी लागल्यावर तुम्ही घरी एवढंच म्हणालात की पंपाच्या कंपनीत लागलो. आप्पांनी त्याचा अर्थ लावला की पोरगा पंप बनवतो, आणि संध्याकाळपर्यंत तो गावभर झाला. तुम्ही तो गैरसमज दुरुस्त केला नाहीत. पुढे कामगारांच्या सवलतीत एक पंप घेऊन विहिरीवर बसवलात, आणि आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला उभं करून सांगायला लागले, ‘हाई मोटर मना पोऱ्यानी बनाडेल शे.’

पोरानं बनवलेली मोटर बिघडली तर पोरानंच यायला हवं. म्हणून रविवारी तुमच्या चकरा सुरू झाल्या, आणि एकट्यानं जाऊन काय करणार, म्हणून बरोबर गांगुर्डे. त्याची ओळख तुम्ही करून दिलीत ‘माझ्या हाताखालचा माणूस’ अशी. गांगुर्डे पेठकडचा, डोंगरातला, नाटकी. त्यानं ती भूमिका जीव ओतून केली. तो पंप उघडायचा आणि तुम्ही कमरेवर हात ठेवून ‘हं, आता तो बोल्ट’ म्हणायचात. सोमवारी कॅन्टीनमध्ये तो मला सांगायचा, ‘मॅडम, साहेब लय भारी हाय, पाना उलटा धरतो पण दरारा केवढा.’ प्रत्येक खेपेला त्याला कांद्याची गोणी मिळायची. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे पंपसुद्धा मग तुमच्या नावावर दुरुस्तीला यायला लागले, आणि गांगुर्डेच्या घरी कांदा विकत आणणं बंद झालं.

मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं, खरं सांगून टाका. एक दिवस हे अंगाशी येईल. तुम्ही म्हणालात, यंदा कांदा चांगला गेला की सांगतो. कांदा चांगला गेला. मग म्हणालात, आत्ता ते खुशीत आहेत, कशाला खुशीत विरजण घालू? पुढच्या वर्षी कांदा पडला, तर म्हणालात, आत्ता ते दुःखात आहेत. खरं बोलायची तुम्ही दरवर्षी तरतूद करायचात, पण ती खर्ची काही पडायची नाही.

आणि मला चीड कशाची यायची, माहीत आहे? हाच माणूस ऑफिसात खोट्याचा वारा लागू द्यायचा नाही. मार्चअखेरची ती गोष्ट आठवते? विक्रीचा आकडा फुगवायचा होता, म्हणून तयार न झालेले पंप खोक्यात भरले, ट्रक गेटबाहेर नेऊन समोरच्या चहाच्या टपरीजवळ उभा केला, आणि सेल्सचे साहेब तुमच्याकडे आले. माल गेटबाहेर गेलाय आहेर, बिल काढा. तुम्ही चष्मा काढलात, उठलात, गेटबाहेर चालत गेलात, ट्रकवर चढून एक खोका उघडून आत डोकावलात आणि परत येऊन म्हणालात, ‘साहेब, ह्याला मोटर नाही. मोटर नसलेल्याला पंप म्हणत नाहीत, एवढं मलाही कळतं.’ साहेब वरपर्यंत गेले. तुमची बदली स्टोअरला करायच्या गोष्टी झाल्या. तुम्ही डबा खाल्लात, हात धुतलेत आणि तरीही बिल काढलं नाहीत. ट्रक दोन दिवस टपरीपाशी उभा राहिला आणि ड्रायव्हरनं तेवढ्यात टपरीवाल्याच्या भाच्याशी आपल्या बहिणीची सोयरीक जुळवून टाकली.

त्या दिवशी मला तुमचा इतका अभिमान वाटला होता. पण तोंडावर मी एवढंच म्हणाले, ‘कंपनीशी खरं बोलता आणि बापाशी नाही, हा कुठला न्याय?’ तुम्ही म्हणालात, ‘बाई, कंपनी फार तर नोकरीवरून काढेल.’

मग आप्पांनी कंपनी बघायचं मनात घेतलं. पोराचं मशीन डोळ्यांनी बघायचं होतं त्यांना. तुम्ही दोन वर्षं टोलवलंत आणि शेवटी बोलावलंत ते नेमकं खंडेनवमीला. मला आधी वाटलं, त्या दिवशी घरच्यांना आत सोडतात म्हणून. नंतर तुमची हुशारी कळली. खंडेनवमीला मशीनं पुसून, हार घालून, हळदकुंकू लावून बंद ठेवलेली असतात. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. म्हणजे आप्पा ‘चालवून दाखव’ म्हणाले तरी चालवायचं नाही. वर्षातून एकच दिवस असा होता की ज्या दिवशी तुम्ही आणि खरा मशीनवाला एकाच लायकीचे होतात.

गांगुर्डेनं एका कोपऱ्यातल्या लेथवाल्याला पटवलं, की आजचा दिवस त्याचं मशीन तुमचं. बॉयलर सूट कुणाचा तरी आणला. तो तुम्हाला एवढा मोठा होता की बाह्या चार वेळा दुमडल्या, आणि खिशावर तेलाचा डाग मुद्दाम पाडला. मी पेढ्यांचं ताट घेऊन शॉपमध्ये आले आणि तुम्हाला पाहून ताट खाली ठेवायची वेळ आली. आप्पा मात्र पांढऱ्या स्वच्छ टोपीत, हातात नारळ घेऊन, लेथसमोर असे उभे होते की मला हसू गिळावं लागलं. त्यांनी नारळ फोडला, लेथला हात जोडले, पाण्याचा शिडकावा केला. मग मागे वळून म्हणाले, जरा चालीसन दाखव. तुम्ही म्हणालात, आप्पा, आज हत्याराला हात लावायचा नसतो. आप्पांनी लगेच जीभ चावली. घरी तेही औताला हात लावत नव्हते त्या दिवशी.

इथंच थांबला असतात तर निभावलं असतं. पण आप्पांनी विचारलं, मशीन कसं शे? आणि तुम्हाला त्या लेथबद्दल जेवढं माहीत होतं तेवढं सगळं तुम्ही सांगितलंत. मालमत्तेच्या तपासणीला दरवर्षी तुम्हीच प्रत्येक मशीनवर नंबर टाकत फिरायचात ना. हे मशीन कुणाकडून घेतलं, किमतीत किती घासाघीस झाली, गाडीभाडं कुणी दिलं, विमा कुठं आहे, दरवर्षी किती घसारा जातो आणि आता कागदावर त्याची किंमत जवळपास शून्य कशी आहे. गांगुर्डे मागून खुणा करत होता, पण तुम्ही थांबेनात. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तू ते बैलना दलालनागत बोली ऱ्हायना.’ गांगुर्डे तोंडाला रुमाल लावून खांबाआड गेला.

मग आप्पांना घेऊन तुम्ही आपल्या खोलीत आलात, चहाला. तिथं आपलीही पूजा मांडलेली होती. तिजोरी, टाइपरायटर, बेरजेचं मशीन, आणि नुकताच आलेला कॉम्प्युटर, त्याच्या डोक्यावर झेंडूचा हार. आप्पांनी तुमच्याच टेबलाकडे बघून विचारलं, हाई कसानी पूजा शे? मी म्हटलं, आप्पा, ही आमची हत्यारं. ते म्हणाले, ‘आणि तुम्ही काय बनाडतस?’

पगारपत्रक बनवतो असं म्हणायला हवं होतं, पण त्या क्षणी ते फारच हलकं वाटलं. तेव्हा तुम्ही बोललात. परक्याचा बॉयलर सूट घालून, स्वतःच्याच टेबलाशी पाहुण्यासारखे उभे राहून तुम्ही बापाला सांगितलंत, ‘आप्पा, हे लोक नसले तर कंपनी चालत नाही. कुणाचं किती आलं, कुणाचं किती द्यायचं, हे सगळं हे बघतात. चोख माणसं आहेत.’ तुम्ही तुमचीच बाजू मांडत होतात. आप्पांनी डोळे बारीक केले. ‘मुनीम शेतस का ह्या?’ तुम्ही मान हलवलीत. आप्पांनी चहाची बशी खाली ठेवली, तुम्हाला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि माझ्या देखत बजावलं, ‘यास्नं लिखेल नीट वाचीसन सही करत जाय.’

तुम्ही ‘हो आप्पा’ म्हणालात. मी हसायचं म्हणून हसले. पण तुमचा चेहरा मला अजून दिसतो. इतक्या वर्षांत तुमचं एवढंसं झालेलं तोंड मी तेव्हाच पाहिलं. आप्पा गेल्यावर मी तुम्हाला खूप बोलले. म्हटलं, त्यांनी तुमचं टेबल पाहिलं, ते तुमचंच आहे हे न कळता तुम्हालाच तुमच्यापासून सावध करून गेले, आता तरी जाऊन सांगा. तुम्ही बॉयलर सूटच्या बाह्या उलगडत म्हणालात, ‘गायधनीबाई, सांगितलं तर ते मला काही बोलणार नाहीत. गप्प बसतील. ते मला सोसायचं नाही.’ आणि थोड्या वेळानं म्हणालात, ‘पुढच्या वर्षी बघू.’

वर्षं गेली. टाइपरायटर भंगारात गेला, तुमचा शिक्कासुद्धा गेला, सगळं कॉम्प्युटरवर आलं. तीन कागद जुळवायचं काम कॉम्प्युटर करायला लागला आणि तुम्ही तो बरोबर करतोय का ते कागदावर जुळवून बघायला लागलात. स्वेच्छानिवृत्तीची लाट आली, शॉपमधली निम्मी माणसं गेली, ती सगळी हिशेब समजून घ्यायला तुमच्याकडेच बसली. साहेबांचं नाही, युनियनचं नाही, ‘आहेर काय म्हणतो’ ते खरं धरून गेली. ‘देवघर’ म्हणायचं तेव्हा कुणाला सुचलं नाही. मी ते तुम्हाला बोलून दाखवलं नाही. रोजचं माणूस समोर बसलेलं असलं की असं काही बोलायचं राहून जातं. त्याऐवजी मी रोज विचारायचे, सांगितलंत का? आणि तुम्ही म्हणायचात, डबा उघडा आधी.

मग तुम्ही एका शनिवारी छातीत जळजळतंय म्हणून लवकर घरी गेलात. अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज भरून गेलात. सोमवारी आलात नाहीत. मंगळवारी तुम्ही गेल्याचं कळलं, आणि मला पहिल्यांदा काय सुचलं असेल तर हे की आता आप्पांना कोण सांगणार?

दशक्रियेला मी आणि गांगुर्डे गावी गेलो. आप्पा ओट्यावर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, कान जड झालेले, पण पाठ अजून ताठ. गांगुर्डेला त्यांनी लगेच ओळखलं आणि जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवला. त्याला रडू आवरेना. तुमच्या मिसेस आतून बाहेर आल्या, माझ्याकडे बघून समजल्या की मी काहीतरी बोलणार, आणि परत आत गेल्या. त्यांना सगळं पहिल्यापासून माहीत होतं.

मी बोललेच, आहेरभाऊ. रागावू नका. मला वाद जिंकायचा नव्हता. मला एवढंच वाटत होतं की ह्या माणसाचा मुलगा काय होता हे त्याला एकदा तरी कळावं. मी त्यांच्याजवळ बसले आणि कानाशी मोठ्यानं म्हटलं, ‘आप्पा, तुमचे निंबाभाऊ मशीनवर नव्हते. माझ्या समोरच्या टेबलावर बसायचे. हिशेबाला. त्यांनी कुणाचा पैसा अडवला नाही आणि कुणाचा खोटा जाऊ दिला नाही. सगळी कंपनी त्यांच्या शब्दावर चालायची.’ भाऊबंदांनी माना वळवल्या. गांगुर्डे आभाळाकडे बघायला लागला.

आप्पा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. तुम्ही ज्याला घाबरत होतात ते गप्प बसणं असंच असणार, हे मला तेव्हा कळलं. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझीच समजूत घालत असल्यासारखे म्हणाले, ‘बाई, तू हाफिसमा बसनारी. तुले काय म्हाईत? त्यानं मशीन मी मना डोयाघाई दखेल शे. आनि मना पोऱ्या मनासंगे कधी लबाड बोलना नई.’

मी गांगुर्डेकडे बघितलं. तो डोळे पुसत म्हणाला, ‘खरं हाय आप्पा. उस्ताद होते ते माझे.’

आहेरभाऊ, तुमच्या बापाचा तुमच्यावरचा विश्वास एवढा आहे की तुमच्याविरुद्धचा चांगला शब्दसुद्धा ते ऐकून घेत नाहीत. हे बघायला तुम्ही तिथं हवे होतात. मी इतकी वर्षं ज्या खऱ्यासाठी तुमच्याशी भांडले, ते माझ्या तोंडातून निघालं आणि ओट्यावर कुणाला नको होतं. मलाही नको झालं. मी पदरानं तोंड पुसलं, आप्पांच्या पायांना हात लावला आणि म्हटलं, ‘माझंच चुकलं, आप्पा. त्यांचं मशीन आमच्या खोलीपासून फार लांब होतं. मला नीट दिसायचं नाही.’